विश्लेषण : पट्टा एक, मानकरी दोघे... मेम्फिसच्या ‘सदर्न टॅग टीम’ अजिंक्यपदाचा इतिहास काय सांगतो?

हॉलीवूडमधला सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांपैकी एक असलेला ड्वेन जॉन्सन ऊर्फ ‘द रॉक’ याच्या कमरेला पहिला पट्टा कुठे बांधला गेला? न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नव्हे. तो बांधला गेला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, १९९६ मध्ये. तेव्हा त्याचं नाव होतं फ्लेक्स कवाना आणि बार्ट सॉयर या जोडीदारासोबत त्याने ‘यूएसडब्ल्यूए’ची टॅग टीम स्पर्धा दोनदा जिंकली होती. जुन्या बाजारांच्या मैदानांत आणि जत्रांमध्ये त्या लढती होत आणि एका लढतीचे ४० डॉलर मिळत, असं जॉन्सनने नंतर अनेकदा सांगितलं आहे. ज्या मेम्फिसमध्ये हे घडत होतं, तिथली व्यावसायिक कुस्ती तोवर अखेरच्या घटका मोजत होती. पण त्या पट्ट्याच्या मागे जवळपास अर्ध्या शतकाची परंपरा होती.

टॅग टीम म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे कुस्ती म्हणजे एकास एक. महाराष्ट्र केसरीची गदा दोघांच्या खांद्यावर जात नाही. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत मात्र दोघांची जोडी दुसऱ्या जोडीशी लढते. रिंगणात एका वेळी प्रत्येकी एकच मल्ल असतो, जोडीदार कोपऱ्यात दोर धरून उभा राहतो. आतल्याने बाहेरच्याच्या हातावर टाळी दिली की अदलाबदल होते.

या साध्या नियमात सगळं नाट्य दडलेलं आहे. खलनायक जोडी नायकांपैकी एकाला आपल्या कोपऱ्यात कोंडते. तो मार खातो, सरपटत जोडीदाराकडे निघतो, बोटभर अंतर उरतं आणि पुन्हा मागे ओढला जातो. एकदा टाळी बसतेही, पण पंचाचं लक्ष नसतं, म्हणून ती बाद ठरते. प्रेक्षागृह खवळतं. अखेर खरी टाळी बसते तेव्हा ताजातवाना जोडीदार आत घुसतो आणि छप्पर उडतं. निकाल आधीच ठरलेला असतो, हे आज कुणापासून लपलेलं नाही. पण ती टाळी किती वेळ लांबवायची, हे कुणी कागदावर लिहून देत नसे. समोरच्या गर्दीचा श्वास ऐकत मल्लांनी ते ठरवायचं असे. ज्यांना ही कुस्ती म्हणजे निव्वळ लुटुपुटुची मारामारी वाटते, त्यांच्या नजरेतून नेमकं हेच कसब सुटतं.

हे अजिंक्यपद कुणाचं होतं?

१९४८ मध्ये आयोवा राज्यात ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ स्थापन झाली. अमेरिकेतल्या कुस्ती आयोजकांनी देश आपापसांत वाटून घेतला. एकाच्या इलाख्यात दुसऱ्याने खेळ लावायचा नाही, असा तो अलिखित करार. टेनेसी आणि आसपासचा प्रदेश निक गुलास आणि रॉय वेल्च यांच्याकडे होता. तिथल्या मुख्य किताबांपैकी एक म्हणजे ‘सदर्न टॅग टीम’ अजिंक्यपद. गंमत अशी, की याच नावाचे पट्टे दक्षिणेतल्या इतर इलाख्यांतही होते. टीव्ही स्थानिक, वर्तमानपत्र स्थानिक. त्यामुळे शेजारच्या राज्यात दुसरेच दोघे ‘दक्षिणेचे अजिंक्यवीर’ म्हणून मिरवत आहेत, याचा कुणाला पत्ता नसे आणि असला तरी फारसं बिघडत नसे.

१९७७ मध्ये या घरात वाटणी झाली. गुलास यांनी आपला मुलगा जॉर्ज याला पात्रतेपेक्षा जास्त पुढे रेटलं, हे त्यामागचं एक कारण सर्वश्रुत आहे. मेम्फिसची बाजू सांभाळणारे जेरी जॅरेट वेगळे झाले आणि लोकप्रिय मल्ल जेरी लॉलर त्यांच्यासोबत गेला. जॅरेट यांच्या कंपनीने पुढे मिनियापोलिसच्या ‘अमेरिकन रेसलिंग असोसिएशन’शी हातमिळवणी केली आणि पट्ट्याचं नाव ‘एडब्ल्यूए सदर्न टॅग टीम’ असं झालं. घराण्याच्या राजकारणात पाटी बदलली. पट्टा आणि प्रेक्षक तेच राहिले.

मेम्फिसमध्ये जोड्यांना एवढं महत्त्व का?

याचं उत्तर कलेआधी तिकीटबारीत शोधावं लागतं. मेम्फिसचा खेळ दर सोमवारी रात्री ‘मिड-साऊथ कोलिसियम’मध्ये होई. मंगळवारी केंटकीतलं लुईव्हिल, बुधवारी इंडियानातलं इव्हान्सव्हिल, मग पुढची गावं. शनिवारी सकाळी वाहिनी क्रमांक ५ वर दीड तासाचा थेट कार्यक्रम. समालोचक लान्स रसेल आणि त्यांच्या शेजारी डेव्ह ब्राऊन, जे याच वाहिनीवर हवामानाचा अंदाजही सांगत. हा कार्यक्रम म्हणजे सोमवारच्या तिकिटांची जाहिरात होती.

आता विचार करा. तेच गाव, तेच प्रेक्षक, वर्षाला ५० च्या आसपास सोमवार. आज मोठ्या कंपन्या शहरं बदलतात. मेम्फिसमध्ये शहर बदलता येत नव्हतं, म्हणून कथा बदलावी लागे. जोडी इथे सोन्याची खाण होती. नवख्याला मुरलेल्या मल्लाशी जोडलं की त्याचे कच्चे दुवे झाकले जात आणि तो शिकतही असे. जोडी फुटली की कालचे मित्र उद्याचे वैरी होत आणि पुढचे दोन महिने गल्ला भरत राही.

म्हणूनच हा पट्टा सारखा हात बदलत असे. अनेक जोड्यांकडे तो काही आठवडेच टिकला. काही जोड्यांनी तो गमावून पुन्हा पुन्हा मिळवला. ‘इतक्या वेळा बदलणाऱ्या किताबाला किंमत ती काय?’ असा आक्षेप अभ्यासू चाहते घेतात. तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरच्या मेम्फिसला लागू पडतो. तेव्हा खरोखरच पीठ दळण्याआधीच जातं फिरवलं जात होतं. पण त्याआधीच्या काळाला हे माप लावणं चूक आहे. इथे पट्टा आठवड्याच्या कथेतलं एक पात्र होता. तो गेला की लोक हळहळत आणि परत मिळवताना बघायला पुढच्या सोमवारी पैसे मोजत. एवढं काम त्याने केलं तर त्याची किंमत वसूल होती.

कोणत्या जोड्या गाजल्या?

पन्नाशीच्या दशकात जॅकी आणि डॉन फार्गो या ‘भावांनी’ सोनेरी केस आणि ठुमकत चालण्याची ऐट घेऊन दक्षिणेत धुमाकूळ घातला. ते सख्खे भाऊ नव्हते, ही बाब या व्यवसायात किरकोळ समजली जाते. जॅकी फार्गो मेम्फिसचा लाडका झाला. लॉलरला घडवलं ते त्यानेच.

टोजो यामामोटोची गोष्ट जास्त बोलकी आहे. जन्म हवाईचा, पण दुसऱ्या महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना त्याला कपटी जपानी म्हणून उभं करण्यात आलं. प्रेक्षकांनी त्याचा मनसोक्त द्वेष केला. पुढे तोच फार्गो आणि जॅरेट यांचा जोडीदार बनला आणि त्याच प्रेक्षकांनी त्याच्यासाठी घसा कोरडा केला. वर्णद्वेषावर पोसलेला हा धंदा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच शहरात पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी स्पुटनिक मन्रो या गोऱ्या खलनायकाने एलिस ऑडिटोरियममधल्या वर्णभेदी आसनव्यवस्थेविरुद्ध पाय रोवले. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना फक्त वरच्या कोपऱ्यात बसवलं जाई. त्यांना हवं तिथे बसू द्या, नाहीतर लढणार नाही, असं त्याने सुनावलं. गर्दी त्याच्याच नावावर जमत होती, आयोजक नमले. सत्तरीच्या सुरुवातीला हाच मन्रो नॉर्व्हेल ऑस्टिन या कृष्णवर्णीय मल्लासोबत जोडी करून फिरला. त्या काळच्या दक्षिणेत अशी जोडी लावणं ही केवळ करमणूक नव्हती.

१९८२ मध्ये स्टीव्ह किअर्न आणि स्टॅन लेन ‘फॅब्युलस वन्स’ म्हणून आले. जॅकी फार्गोने त्यांना आपले वारस म्हणून पुढे केलं. चमचमती जाकिटं, गळ्यात बो, डोक्यावर उंच टोपी आणि जोडीला संगीतावर चित्रित केलेल्या ध्वनिचित्रफिती. एमटीव्ही सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तरुण मुलींनी कोलिसियम भरू लागलं. हा नुस्खा चालतोय म्हटल्यावर जॅरेट यांनी तशीच दुसरी जोडी उभी केली : रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन, म्हणजे ‘रॉक अँड रोल एक्स्प्रेस’. नक्कल म्हणून जन्मलेली ही जोडी अस्सल ठरली. मार खाण्यात मॉर्टन इतका वाकबगार होता, की कोपऱ्यात कोंडलेल्या मल्लाच्या भूमिकेलाच कुस्तीच्या बोलीत त्याचं नाव पडलं. २०१७ मध्ये या जोडीला डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं.

टुपेलोत त्या रात्री काय झालं?

१५ जून १९७९. मिसिसिपीतलं टुपेलो, एल्विस प्रेस्लीचं जन्मगाव. सदर्न टॅग टीमचे मानकरी जेरी लॉलर आणि बिल डंडी यांच्यासमोर वेन फॅरिस आणि लॅरी लॅथम, म्हणजे ‘ब्लाँड बॉम्बर्स’. लॉलर-डंडी हरले, पट्टा गेला. इथपर्यंत नेहमीचंच. पण घंटा वाजल्यावरही हाणामारी थांबली नाही. चौघे लढत लढत प्रेक्षागृहाबाहेरच्या खाण्याच्या ठेल्यापर्यंत गेले. मोहरीच्या चटणीच्या बरण्या फुटल्या, टेबलं उलटली, हाताला लागेल ते एकमेकांच्या डोक्यात बसू लागलं. छायाचित्रणाचा कॅमेरा धडपडत मागे धावला आणि एरवी शांत असणाऱ्या लान्स रसेल यांचा आवाज चढत गेला. शनिवारी सकाळी हे चित्रण टीव्हीवर आलं. ते पाहणाऱ्याला हे नाटक वाटेना, कारण त्यात कुठलीच चौकट सरळ नव्हती.

१९८१ मध्ये त्याच टुपेलोत असाच प्रसंग पुन्हा रचला गेला. या वेळी रिकी मॉर्टन आणि एडी गिल्बर्ट यांच्यासमोर होते जपानहून शिकायला आलेले दोन तरुण, मासा फुची आणि आत्सुशी ओनिता. ओनिता मायदेशी परतला आणि १९८९ मध्ये त्याने ‘एफएमडब्ल्यू’ ही कंपनी काढली. काटेरी तारा आणि स्फोटकं लावलेल्या रिंगणांमुळे ती जगभर कुप्रसिद्ध झाली. पुढे अमेरिकेत ‘हार्डकोअर’ म्हणून जे विकलं गेलं, त्याच्या मुळाशी गेलं तर मिसिसिपीतल्या एका खाण्याच्या ठेल्यावरची सांडलेली मोहरी सापडते. फॅरिसही मागे राहिला नाही. एल्विसची नक्कल करत तो ‘हाँकी टाँक मॅन’ झाला आणि १९८७-८८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचं इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपद त्याने ४५४ दिवस सांभाळलं.

मग हे सगळं संपलं कसं?

व्हिन्स मॅकमॅहन यांनी वडिलांची कंपनी विकत घेऊन १९८४ पासून देशभर पसरायला सुरुवात केली. केबल टीव्हीला इलाख्यांच्या सीमा कळत नव्हत्या. एकेका इलाख्यातले लोकप्रिय मल्ल जास्त पैशांवर उचलले गेले आणि मागे राहिलेल्या आयोजकांकडे ना चेहरे उरले, ना पैसा. मेम्फिस इतरांपेक्षा जास्त तगलं. १९८९ मध्ये डॅलसच्या कंपनीसोबत एकत्र येऊन ‘यूएसडब्ल्यूए’ झाली, जुन्या सदर्न पट्ट्याची जागा ‘जागतिक’ म्हणवणाऱ्या टॅग टीम पट्ट्याने घेतली. नाव जितकं मोठं झालं, तितकी गर्दी आटत गेली. १९९७ मध्ये ही कंपनीही बंद पडली.

सगळा दोष मॅकमॅहन यांच्या माथी मारण्याची चाहत्यांची सवय आहे. ती अर्धीच खरी आहे. मेम्फिसचे आयोजक मल्लांना कमी पैसे देण्याबद्दल प्रसिद्ध होते. आठवडाभर शेकडो मैलांचा गाडीप्रवास आणि दुखापत झाली तर खिशातून खर्च. जास्त पैसे देणारा आल्यावर माणसं गेली, यात नवल नाही.

तरीही त्या व्यवस्थेसोबत जे गेलं ते परत उभं राहिलेलं नाही. अंडरटेकर ‘मास्टर ऑफ पेन’ म्हणून १९८९ मध्ये इथे घडत होता. स्टीव्ह ऑस्टिनला ‘ऑस्टिन’ हे आडनाव मिळालं ते मेम्फिसमध्येच, डच मँटेलकडून. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांनी केबलवर ज्यांच्यासाठी शाळेचा अभ्यास बाजूला ठेवला, त्यातले कितीतरी जण आधी या सोमवारच्या रात्रींतून गेले होते. आज मोठ्या कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रं आहेत, डॉक्टर आहेत, ठरलेला पगार आहे. नसतात ते नाराज प्रेक्षक, जे पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर बसणार आहेत आणि मागच्या वेळी काय झालं ते विसरलेले नाहीत. जोडीची कुस्ती अशा प्रेक्षकांसमोरच शिकता येते. आज दोन एकेरी मल्ल कुणीतरी चार आठवड्यांसाठी एकत्र बांधतं, पट्टा देतं आणि टाळीची वेळ पटकथेत लिहिली जाते.

मिड-साऊथ कोलिसियम २००६ पासून बंद आहे. १९६६ मध्ये तिथे बीटल्स गायले होते, १९८२ मध्ये लॉलरने विनोदी नट अँडी कॉफमन याला तिथेच डोक्यावर आपटलं होतं. इमारत पाडावी की ठेवावी, यावर शहराने वर्षानुवर्षे वाद घातला. वाचवा म्हणणाऱ्यांमध्ये संगीताचे चाहते आहेत आणि सोमवारी रात्री वडिलांचं बोट धरून तिथे गेलेली, आता केस पिकलेली माणसंही आहेत.