हाजींची बोट, कोकणची बोट

मुंबईहून जेद्दाला हाजींना नेणारी बोट १९९५ मध्ये बंद झाली. सरकारी निवेदनांत शेवटच्या जहाजाचं नाव 'एम. व्ही. अकबरी' असं येतं. त्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीला हज म्हटलं की विमानच आठवतं. मराठवाड्यातले हाजी आता विमानाने काही तासांत जेद्दाला उतरतात. चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण करमाड, लाडसावंगी, जालना या पट्ट्यातले जुने लोक हजला निघायचे तेव्हा छोट्या गेजच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई, मग मुसाफिरखान्यात मुक्काम आणि नंतर आठवड्याहून जास्त दिवस समुद्र, असा तो रस्ता होता. ज्या माणसाने गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, तो थेट अरबी समुद्रावर. आज भारतात त्या बोटींपैकी एकही संग्रहालय म्हणून उभी नाही. ज्यात आपले आजोबा महिनोन् महिन्यांची तयारी करून बसले, ती वस्तू आपल्या मुलांना दाखवायला आपल्याकडे नाही.

शेंद्र्याच्या चहाच्या टपरीवर मी हा विषय काढला, तर एक मित्र हसून म्हणाला, "तू करमाडचा. समुद्राशी तुझा काय संबंध?" या प्रश्नाचं उत्तर एका कंपनीच्या इतिहासात आहे.

१८७७ साली मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' निघाली. पुढे तिचं नाव 'मोगल लाइन' झालं. हज प्रवासाचा मोठा भार तिने कित्येक दशकं वाहिला, नंतर ती सरकारच्या ताब्यात आली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली. इथपर्यंतची गोष्ट आपल्या घरांत थोडीफार माहीत असते. दुसरा अर्धा भाग फारसा कुणी सांगत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई–गोवा मार्गावर धावणाऱ्या 'कोकण शक्ती' आणि 'कोकण सेवक' या प्रवासी बोटीही मोगल लाइनच चालवत होती. म्हणजे एकाच कंपनीची एक बोट हाजींना घेऊन जेद्दाला जायची आणि दुसरी चाकरमान्यांना घेऊन गावी. पावसाळ्यात कोकणची बोट बंद असे, त्यामुळे गणपतीला तिचा उपयोग नव्हता. खरी गर्दी शिमग्याला आणि मे महिन्यात. पर्यटकही त्याच बोटीने गोव्याला जायचे, रात्रभर डेकवर पथारी टाकून. त्याआधीच्या काळात दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोटी जात. अनेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं पडावातून किनाऱ्यावर यायचं.

या बोटींवर काम कोण करत होतं? कोकणातली बरीच मुसलमान घराणी पिढ्यान् पिढ्या समुद्रावर होती. सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावं आजही त्यांच्या कामाची ओळख सांगतात. ही माणसं घरात कोकणी-मराठी बोलणारी. आपल्याला अधूनमधून विचारलं जातं ना, "तुम्ही मराठी की मुसलमान?" त्या डेकवर हा प्रश्न कुणाला सुचला नसता. हज आणि शिमगा दोन्हीकडे जाणाऱ्यांची तिकिटं एकाच कंपनीच्या नावाने फाटत होती. अशी वस्तू जपली गेली असती, तर तिच्याबद्दल लेख लिहावे लागले नसते. तिच्या शिडीवरून एकदा चढून गेलं की काम झालं असतं.

जहाज जपणं सोपं नाही, हे इंजिनिअर म्हणून आधीच मान्य करतो. इमारत उभी राहते, जहाज सतत झिजतं. खाऱ्या पाण्यात पोलादी पत्रा आतून-बाहेरून गंजतो, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ, जिथे तो कधी ओला, कधी कोरडा असतो. दर काही वर्षांनी जहाज कोरड्या गोदीत घेऊन पत्र्याची जाडी मोजावी लागते, खराब पत्रे कापून नवे जोडावे लागतात. हा खर्च कधी संपत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल: एकदा बनवण्याचा खर्च सगळ्यांना दिसतो, देखभालीचा खर्च बजेटमध्ये कुणी धरतच नाही.

महाराष्ट्राने एकदा प्रयत्न केला होता, युद्धनौकेच्या बाबतीत. 'विक्रांत' १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली आणि नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ती बंद करावी लागली. संग्रहालय चालवणं आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, असं राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं. २०१४ मध्ये लिलाव झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही ती वाचली नाही आणि दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजने 'व्ही' मोटरसायकलच्या टाकीत वापरला. ज्या बजाजचा कारखाना आपल्या वाळूजला आहे, तीच ही कंपनी. म्हणजे विक्रांतचा तुकडा जालना रोडवरच्या पार्किंगमध्येही सापडू शकतो. दुसऱ्या जहाजाचं, 'विराट'चंही तसंच झालं. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर संग्रहालय करण्याच्या योजनेला मंजुरी दिली, आणि २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. ज्या जहाजांच्या मागे नौदल, राष्ट्राभिमान आणि १९७१ ची लढाई होती, त्यांची ही गत. हाजींच्या आणि चाकरमान्यांच्या बोटीमागे कोण उभं राहणार होतं?

याचं एक कारण कायद्यात आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. आपल्या देशात प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा, दोन्ही सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट घालतात. आता हिशोब करा. पोलादी प्रवासी जहाज साधारण तीस-चाळीस वर्षांत मोडीत जातं. शंभर वर्षं होईपर्यंत ते उरतच नाही, आणि शंभर वर्षं झाल्याशिवाय कायदा त्याच्याकडे बघत नाही. नियम वाईट हेतूने बनवलेला नाही, तो देवळं, मशिदी, किल्ले डोळ्यांसमोर ठेवून बनवला. जहाज त्या चौकटीत बसतच नाही.

ब्रिटनमध्ये यासाठी वेगळी राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिथे वयाची अट पन्नास वर्षांची. नोंद झाली म्हणजे जहाज वाचलंच, असं तिथेही नाही. पण तोडण्याआधी कुणीतरी थांबून विचारतं. त्याच देशातली 'वेव्हर्ली' ही सहलीची आगबोट बघा. ग्लासगोत बांधलेली, बाजूंना मोठी चाकं असलेली. १९४७ च्या जूनमध्ये तिची पहिली फेरी झाली. १९७० च्या दशकात मालक कंपनीला ती परवडेना, तेव्हा १९७४ मध्ये जुन्या आगबोटींवर प्रेम करणाऱ्या लोकांच्या संस्थेला ती एका पौंडाला दिली गेली. त्या एका पौंडानंतरचा खर्च मात्र लोकांनीच उचलला. २०१९ मध्ये तिचे बॉयलर निकामी झाले, तेव्हा तेवीस लाख पौंडांचं आवाहन झालं, ते पुरं झालं आणि पुढच्याच वर्षी बोट पुन्हा पाण्यात उतरली. समुद्रावर प्रवासी नेणारी चाकाची आगबोट जगात आता ही एकच. तिकीट काढून आत गेलं की वाफेचं इंजिन चालताना समोर दिसतं. एखाद्या विद्यार्थ्याला मेकॅनिकलचं एक सेमिस्टर शिकवणार नाही इतकं ते अर्ध्या तासात शिकवून जाईल.

वेव्हर्लीच्या पहिल्या फेरीनंतर महिन्याभराने, १७ जुलै १९४७ रोजी, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. गटारीचा दिवस होता. सहाशेहून जास्त माणसं गेली. ही आठवण मुद्दाम काढतो आहे, कारण जुन्या बोटींबद्दल बोलताना आपण हळवे होतो आणि डेकवरची गर्दी, उलट्या, अपुरी साधनं विसरतो. हाजींचा प्रवासही काही सहल नव्हता. एकेकाळी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर त्यांना विलगीकरणासाठी थांबवलं जायचं. डेकच्या तिकिटावर गेलेल्या माणसाला विचारा, तो बोटीची तारीफ कमी आणि सब्राची गोष्ट जास्त सांगेल. जपायचं ते हे सगळं. चकाचक रंग लावून हॉटेल केलेली बोट म्हणजे जतन नव्हे.

आपल्याच देशात एक उदाहरण तयार होतं आहे. 'पी. एस. भोपाळ' ही १९४० च्या दशकात स्कॉटलंडच्या डंबार्टनला बांधलेली चाकाची आगबोट कोलकाता बंदराने मोडीत न काढता दुरुस्तीला घेतली. शेजारच्या बांगलादेशात १९२० च्या दशकातल्या 'रॉकेट' आगबोटी लोकांनी आपुलकीने इतकी वर्षं लक्षात ठेवल्या आहेत. गंगेच्या खोऱ्यात गोडं पाणी आहे, पत्रा तुलनेने सावकाश गंजतो, हा त्यांचा फायदा. कोकण किनाऱ्याला तो नाही. म्हणूनच इथे निर्णय आधी घ्यावा लागतो.

"आधी शाळा, नोकऱ्या, मग बोटी" असं म्हणणारे आपल्यातच आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. शिष्यवृत्तीचा रुपया बोटीकडे वळवा, असं आम्ही म्हणत नाही. पण या मागणीला आपल्या खिशातले पैसे कमी आणि सह्या, अर्ज, पाठपुरावा जास्त लागतो, आणि ते आपल्याला जमतं. आमची भूमिका अशी: केंद्र सरकारने जहाजांसाठी वेगळी राष्ट्रीय नोंदवही करावी आणि तिची वयाची अट शंभर वर्षांऐवजी तीस-चाळीसवर आणावी. कोणतंही सरकारी प्रवासी जहाज मोडीत काढण्याआधी ते कुणी जपायला तयार आहे का, हे जाहीरपणे विचारावं. गुजरातमध्ये लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतं आहे. त्यात हज जहाजांना आणि कोकणच्या आगबोटींना स्वतंत्र दालन हवं. २०१८ मध्ये समुद्रमार्गे हज पुन्हा सुरू करायला सौदी अरबने संमती दिल्याची बातमी आली होती. तो मार्ग कधी खरंच सुरू झाला, तर त्या जहाजांच्या बाबतीत हा विचार पहिल्या दिवसापासून हवा.

आणि तोवर कागद. बोटी गेल्या, पण त्यांची तिकिटं, हजचे पास, बंदरावर काढलेले फोटो, पत्र्याच्या ट्रंकांवर रंगवलेली नावं अजून घराघरांत आहेत आणि दर दिवाळी-ईदच्या साफसफाईत थोडी थोडी कमी होतात. बोटीने गेलेले हाजी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. या रमजानमध्ये इफ्तारनंतर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्याजवळ बसा. "प्रवास कसा झाला?" असं ढोबळ विचारलं की उत्तर "अल्हम्दुलिल्लाह" एवढंच येतं. त्यापेक्षा बोटीचं नाव विचारा, साल विचारा, झोपायला जागा कुठे होती, पाणी किती मिळायचं, स्वयंपाक कोण करायचं, वाटेत कुणाचा इंतकाल झाला तर काय करायचे, सारंग कुठल्या गावचा होता. कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, मागे पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर तेही. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्याने तो खराब होतो; साध्या पाकिटात सपाट ठेवा. आणि पाकिटावर तारीख टाका.