कोसळणारी हवा

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत आधी धूळ आली, पाऊस नंतर. आकाश मातकट पिवळं झालं, रस्त्यावरची माणसं तोंडाला रुमाल लावून आडोसा शोधू लागली आणि घाटकोपरला एक अजस्र जाहिरातफलक शेजारच्या पेट्रोल पंपावर आडवा झाला. १७ जण गेले. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, फलक जवळपास १२० बाय १२० चा. त्या मापांची चर्चा पुढे महिनोन्महिने चालली, आणि ती व्हायलाच हवी होती. वाऱ्याची चर्चा मात्र ‘वादळ’ या एका शब्दावर येऊन थांबली.

हा शब्द फार सैल आहे. शेकडो किलोमीटर पसरलेलं, समुद्रावर जन्मणारं चक्रीवादळही वादळच, आणि मे महिन्यात तासाभरात आटोपणारा वळीवही वादळच. कोरड्या रानात पाचोळा गरगरा फिरवणारी वावटळ आणखी निराळी. ती तापलेल्या जमिनीतून उठते, तिला डोक्यावर ढग लागत नाही. घाटकोपरचा वारा यातल्या वळिवाच्या घरचा. तो फिरत नव्हता. वरून खाली पडला होता आणि जमिनीला आपटून बाजूंना पसरला होता.

वर चढणारी हवा सगळ्यांना दिसते, कारण तिचाच ढग होतो. दमट हवा तापून वर जाते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, तसं होताना वाफ उष्णता सोडते आणि त्या उष्णतेवर हवा आणखी वर चढते. दुपारी दोनला कापसाच्या बोंडाएवढा दिसणारा ढग चारपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंच झालेला असतो. खाली येणाऱ्या हवेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. पावसाचे थेंब आणि गारा पडताना आजूबाजूची हवा ओढून आणतात. ढगाखालची मे महिन्यातली हवा कोरडी. तिच्यात थेंब वाटेतच आटतात आणि हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. गार हवा जड, म्हणून ती आणखी वेगाने कोसळते. पावसाआधी येणारा तो सुखद गारवा आणि मातीचा वास म्हणजे या कोसळलेल्या हवेची पुढची कड. बहुतेक वेळा ती दारं-खिडक्या आपटून निघून जाते. कधी कधी पत्रे घेऊन जाते.

हे ज्याने जगाला पटवलं तो माणूस जपानी. तेत्सुया फुजिता. टॉर्नेडोची, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या फिरत्या सोंडेची, ताकद मोजणाऱ्या एफ-मापनश्रेणीमुळे त्याचं नाव झालं, पण त्याचं अधिक उपयोगाचं काम हे. १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतर काही आठवड्यांनी तो नागासाकीत गेला. तिथल्या कबरस्तानात फुलं ठेवायच्या बांबूच्या नळ्या होत्या. त्यांच्या आतल्या बाजूला पडलेले भाजल्याचे डाग बघून स्फोट किती उंचीवर झाला असेल, याचा त्याने हिशेब केला. मध्यबिंदूपासून चहूबाजूंना आडवी झालेली झाडंही त्याने तिथे पाहिली. जवळपास तीस वर्षांनी, एप्रिल १९७४ मध्ये, अमेरिकेत दोन दिवसांत १४८ टॉर्नेडो येऊन गेले. नुकसान पाहायला तो विमानातून फिरला, तेव्हा काही जंगलांत झाडं पिळवटून पडलेली नव्हती. ती ताऱ्याच्या किरणांसारखी बाहेरच्या बाजूला झोपली होती. नागासाकीतली तीच खूण! पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला गडगडाटी पावसात उतरणारं विमान धावपट्टीआधीच कोसळून ११३ जण गेले. ढगातून कोसळलेल्या वाऱ्याने ते दाबलं, असं फुजिताने मांडलं. अनेक तज्ज्ञांनी नकारार्थी मान हलवली. मग १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार लावून असे वारे प्रत्यक्ष टिपले गेले आणि वाद मिटत गेला. गंमत म्हणजे, आयुष्यभर टॉर्नेडोच्या मागे असलेल्या या माणसाला पहिला टॉर्नेडो डोळ्यांनी दिसला तो १९८२ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी.

टॉर्नेडोला नुसता ढग पुरत नाही. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोरदार, दिशाही वेगळी, असं झालं की मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. वर चढणारा झोत ते लाटणं उचलून उभं करतो आणि अख्खा ढग फिरायला लागतो. एवढं होऊनही बहुतेक ढग सोंड खाली सोडतच नाहीत. हा मेळ अमेरिकेच्या मैदानांत जमतो, तसा बंगालच्या खोऱ्यातही. खाली उपसागराची दमट हवा, तिच्यावर छोटा नागपूरकडची कोरडी तापलेली हवा आणि त्याहून वर जोरदार पश्चिमी वारे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या दौलतपूर-सातुरिया भागात आलेल्या टॉर्नेडोत अंदाजे १३०० माणसं मेली. जगात नोंदलेला हा सर्वांत जीवघेणा टॉर्नेडो. तरी टॉर्नेडो म्हटलं की डोळ्यांपुढे अमेरिकाच येते.

महाराष्ट्रावर मे महिन्यात वरचे वारे दुबळे असतात. ढग सरळ उभा वाढतो, त्याचा पाऊस त्याच्याच चढत्या हवेत पडतो आणि तो स्वतःलाच विझवतो. मार्च २०१४ मध्ये वरचे पश्चिमी वारे नेहमीपेक्षा दक्षिणेला सरकले, तेव्हा काय होतं ते राज्याने पाहिलं: दिवसांमागून दिवस गारपीट, द्राक्षबागा आणि उभा गहू झोपलेला.

म्हणजे या राज्यात धास्ती घ्यायची ती गरगर फिरणाऱ्या सोंडेची नाही. कोसळणाऱ्या हवेची घ्यावी, आणि विजेची. २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जण दगावले, असं गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. हवामान खात्याचा इशारा येतो तो ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह’ असा. तो चूक नसतो. पण बैलाचं एक शिंग भिजावं आणि दुसरं कोरडं राहावं, असा हा पाऊस. ‘तुरळक’मध्ये आपलं शिवार आहे का, हे शेतकऱ्याला त्यातून कळत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपास वीज पडत असल्याचं सांगतं, तेही मोबाइलवर. आणि नेमक्या त्या वेळी मोबाइल असतो खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात. सदऱ्याचा मालक कडब्याच्या गंजीवर चढून ताडपत्रीचं टोक धरून उभा असतो, आणि घामेजल्या पाठीला पहिली गार झुळूक लागली म्हणून त्याला बरं वाटत असतं.