डबा खाल्ला आणि चरबी वाढली

आमच्या हापिसात दर वर्षी काहीतरी 'वेलनेस' निघतं. यंदा निघालं फॅट लॉस चॅलेंज. कँटीनच्या कोपऱ्यात एक मशीन, शेजारी टी-शर्टातले दोन ट्रेनर. बूट-मोजे काढून उभं राहायचं, दहा सेकंदांत चिठ्ठी बाहेर. चिठ्ठीवर शरीरातल्या चरबीचे टक्के, तेही दशांश चिन्हासकट. आणि आपण इंजिनीअर लोक दशांश चिन्ह दिसलं की विश्वास ठेवायला मोकळे!

आठ आठवड्यांनी शेवटची मोजणी झाली. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीचा आकडा २९.८ वरून ३१.१ वर गेला. ही बाई रोज साडेपाचला उठून चालायला जात होती, बर्थडेच्या केकला हात लावत नव्हती. ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, घरी चीटिंग चालू आहे वाटतं." ती हसली. आठवड्याभराने कळलं की तिने रात्रीचं जेवण बंद केलंय. मी मात्र या काळात दर रविवारी मिसळ हाणली आणि माझी चरबी १.२ ने उतरली. टाळ्यासुद्धा मिळाल्या.

मग एकदा चहा पिताना ट्यूब पेटली. पहिल्या वेळी आमची बॅच दुपारी दोनला, जेवून हात धुऊन थेट मशीनवर. तिचा क्लायंट कॉल होता म्हणून ती पाचला गेली. शेवटच्या वेळी नेमकं उलटं, मी पाचला आणि ती जेवून लगेच.

आता हे मशीन करतं काय ते बघा. एका तळपायातून अगदी बारीक विद्युत प्रवाह सोडतं, दुसऱ्या तळपायातून परत घेतं आणि वाटेत विरोध किती झाला ते मोजतं. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, त्यामुळे तिथून प्रवाह सहज जातो. चरबीतून जात नाही. उंचीचा वर्ग भागिले विरोध, यावरून शरीरातल्या पाण्याचा अंदाज. चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून त्या भागाचं वजन काढायचं. ते एकूण वजनातून वजा केलं की उरली ती चरबी. म्हणजे चरबी कोणी मोजतच नाही! ती वजाबाकीत उरते.

जेवणाचा घोळ इथेच होतो, आणि तोही दोन उलट दिशांनी.

समजा तुमचं वजन ७४ किलो आणि चरबी २५ टक्के, म्हणजे साडेअठरा किलो. कँटीनची थाळी, ताक आणि पाणी मिळून एक किलो पोटात गेलं. काटा ७५ दाखवणार. पण प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्या पायाने उतरतो, पोटातली डाळ त्याच्या वाटेत जवळजवळ येतच नाही. विरोध तोच, उंची तीच, मग हा जादाचा किलो गेला कुठे? बहुतेक सगळा चरबीच्या खात्यात. २५ चे जवळपास २६ टक्के, वरणभातामुळे, पाच मिनिटांत.

पुढच्या दोन-चार तासांत वेगळंच होतं. अन्न पचायला लागतं, पाणी आणि क्षार शरीरात पसरतात, विरोध थोडा घसरतो. स्वीडनमध्ये लोकांना दिवसातून तीन वेळा एकसारखं जेवण देऊन मोजण्या केल्या होत्या. २००१ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दर जेवणानंतर विरोध घटलेला दिसला, आणि हा परिणाम जेवणागणिक साठत गेला. विरोध घटला की मशीनला वाटतं, वा, स्नायू वाढले! दोन टक्के घसरण धरली तर कच्च्या हिशोबाने २५ चे साडेतेवीस होतात. यात भर म्हणजे दिवसभर उभं राहून, बसून पाणी पायांत उतरतं, तेही आकडा खालीच ओढतं.

मी एका शनिवारी घरच्या काट्यावर करून बघितलं. सकाळी उठल्या उठल्या २६.१, अकराला २५.३, जेवून लगेच २६.०, चार वाजता २४.६. मधल्या वेळात सोफ्यावर बसून पिक्चर बघितला. गंमत म्हणजे हेच जेवण डेक्सा स्कॅनला पाठवलं तर तो एक्स-रे वापरतो आणि पोटातलं अन्न बहुतेक चरबीविरहित भागात धरतो. एकच पोळीभाजी, एका मशीनच्या मते चरबी, दुसऱ्याच्या मते स्नायू. असो.

यावर आमच्या ग्रुपमधलं नेहमीचं उत्तर येतं, की सोड ना, आकड्यांना कोण विचारतो. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या लोकांसाठी हा आकडा महत्त्वाचाच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वरून सडसडीत आणि आत चरबी, हा आपला खास देशी प्रकार, त्याचं मधुमेहाशी नातं आहे. म्हणून तर मोजायचं, आणि म्हणूनच धड मोजायचं.

धड म्हणजे फार काही नाही. रोज तीच वेळ, जेवून निदान तीन तास झालेले, लघवीला जाऊन आलेलं, आधी व्यायाम नाही. माझ्या साध्या काट्याच्या पुस्तिकेतही हे छापलंय. डॉक्टरी कामासाठी तर आठ तास उपाशी राहायला सांगतात. तरीही एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा नको, दोन-तीन महिन्यांचा कल बघावा. आपण दोन वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या लोडखाली टेस्ट घेऊन रिलीज फास्ट झाली म्हणालो तर मॅनेजर हाकलून देईल. इथे मात्र चिठ्ठीवर मोजणीची वेळ नाही, शेवटचं कधी खाल्लं ते नाही, आणि त्या जोरावर एका माणसाला चारचौघांत खोटं ठरवायचं? शिवाय मोजणारा तोच, पुढचं तीन महिन्यांचं पॅकेज विकणाराही तोच. तो मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. पण मुद्दाम करायचं म्हटलं तर पहिली मोजणी जेवणानंतर आणि शेवटची पाच वाजता, एवढं पुरे आहे.

मैत्रिणीची चरबी वाढली की उतरली ते त्या दोन चिठ्ठ्यांवरून कोणीच सांगू शकत नाही. तिला हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. तिने आकडेमोड दोनदा तपासली (टेस्टिंगमध्ये आहे), मग म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे मी उगाच उपाशी झोपले?" त्या रात्रीपासून जेवायला लागली.

मी एचआरला मेल टाकली, की पुढच्या वेळी सगळ्यांची मोजणी जेवणाआधी घ्या आणि चिठ्ठीवर वेळ लिहा. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभार. पुढचा कँप पावणेदोनला ठेवलाय. त्या वेळी म्हणे सगळे कँटीनमध्येच असतात.