रहस्यकथेचा वाचक उथळ नव्हे

संपादक महोदय,

रहस्यकथा एकमेकांना सुचवणारे वाचक अभिरुची बिघडवतात, हे आपल्या अंकातील मत पुराव्याला धरून नाही. या कथा गोव्याला परक्या, हे तर साफ चूक; 'कॅप्टन दीप' या रहस्यकथा-नायकाचे जनक गुरुनाथ नाईक मूळचे गोव्याचेच. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या लेखनात साचा दिसतो, एवढे मान्य. पण म्हणूनच शिफारस लागते. त्यांच्या 'झुंजार' या नायकाची कोणती कथा आधी घ्यावी हे समीक्षकांनी क्वचितच सांगितले. पेडणे-डिचोलीच्या वाचनालयांत ते सांगतो पुस्तक परत करणारा वाचकच, आणि गुन्हेगाराचे नाव मात्र कटाक्षाने गाळतो. इतके जपून बोलणारा वाचक उथळ कसा? गंभीर साहित्य मागे पडते, हा आक्षेपही टिकत नाही. 'दारा बुलंद'च्या रहस्यकथा लिहिणाऱ्या सुहास शिरवळकरांनीच 'दुनियादारी' ही कादंबरी लिहिली. त्या रहस्यकथांचा वाचक या कादंबरीपर्यंत सहज जातो. भालबा केळकरांच्या अनुवादांनी शेरलॉक होम्स मराठी घरांत आणला, तोही वाचकांच्या शिफारशींच्या याच वाटेने. वाचनालयांनी रहस्यकथांची जीर्ण पुस्तके रद्दीत न घालता पुन्हा बांधून घ्यावीत, ही विनंती.

— एक वाचक, डिचोली