गाळाच्या खेपेत डिझेल जिरते कुठे?

उन्हाळ्यात कुकडी नदीवरील येडगाव धरणाचे पाणी ओसरू लागले, की उघड्या पडलेल्या पात्रातील गाळाचा विषय जुन्नर तालुक्यात पुन्हा चर्चेला येतो. धरणाची साठवणक्षमता टिकावी आणि सुपीक माती शिवारात जावी, असा दुहेरी लाभ यात आहे. येडगावातून निघणाऱ्या कुकडी डाव्या कालव्यावर पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेती अवलंबून असल्याने हा प्रश्न एका तालुक्यापुरता नाही. मात्र गाळ शेतात पडेपर्यंतचा खर्च प्रामुख्याने डिझेलचा असतो, आणि त्याची चर्चा बहुधा 'कोणत्या कंपनीचा टिपर किती मायलेज देतो' या एकाच प्रश्नापाशी थांबते.

राज्य सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत प्रारंभी वाहतुकीचा भार शेतकऱ्यावरच होता. २०२३ मध्ये योजनेचे नवे स्वरूप आले आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे अनुदान ठरले. अडीच एकरांसाठी त्याची कमाल मर्यादा ३७,५०० रुपये आहे. दहा चाकी टिपरमध्ये (आपल्याकडे सरसकट 'हायवा' म्हणतात तो) सुमारे दहा घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रास गाळ बसतो, असे धरू. खेपेमागे अनुदान झाले ३५७ रुपये. मार्च २०२४ मधील दरकपातीनंतर पुणे जिल्ह्यात डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास होते. त्या हिशेबाने एका खेपेच्या पदरात जेमतेम चार लिटर डिझेल पडते.

चार लिटरांत खेप होते का? चांगल्या स्थितीतील आधुनिक इंजिन एक लिटर डिझेलमधून सुमारे चार युनिट (किलोवॅट तास) काम काढते. यांत्रिक पंपाचे जुने, झिजलेले इंजिन साडेतीनपर्यंत घसरते. फरक आहे, आणि तो लहान नाही. परंतु चाकाखाली काय आहे, याचा फरक त्याहून कितीतरी मोठा. घट्ट, गुळगुळीत रस्त्यावर चाकांना होणारा अवरोध वाहनाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या घरात असतो. टायर रुतत असलेल्या मऊ गाळात तो दहा टक्के किंवा त्याहून अधिक होतो. गाळासह २५ टन भरणाऱ्या टिपरला एक किलोमीटर जाण्यास पक्क्या रस्त्यावर एक तृतीयांश लिटर लागत असेल, तर गाळात तेवढ्याच अंतराला पावणेदोन लिटर लागतात. म्हणजे पाचपट.

धरणापासून पाच किलोमीटरवरचे शेत आणि पात्रातील अर्धा किलोमीटर कच्ची वाट असे उदाहरण घेऊ. पक्क्या रस्त्याने भरून जाणे आणि रिकामे परतणे यांत सुमारे २.४ लिटर. पात्रातील जाण्या-येण्यात १.२ लिटर. दहा मीटरचा चढ चढण्यास ०.२ लिटरही पुरते. उरते ते पोकलेनपुढच्या रांगेतील थांबणे. मोठे डिझेल इंजिन उभ्या उभ्या ताशी दोन ते तीन लिटर खाते, त्यामुळे वीस मिनिटांच्या प्रतीक्षेत पाऊण लिटरहून अधिक गेले. एकूण साधारण ४.६ लिटर, तेही चांगल्या इंजिनाचे. गिअरमधील घट, हवेचा विरोध आणि वेगातील चढउतार यात धरलेले नाहीत. जुन्या इंजिनाला अर्धा लिटर अधिक लागेल. उलट पात्रातील वाट मुरूम टाकून घट्ट केली, तर जवळपास एक लिटर वाचते आणि रांग मोडली, तर आणखी पाऊण लिटर.

चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळशाच्या खुल्या खाणींत डंपरच्या वाटा ग्रेडर फिरवून सतत सारख्या केल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे. तेथे इंधनही किलोमीटरला नव्हे, तर तासाला आणि टनाला मोजतात. आपल्याकडे मायलेजचा आकडा मात्र महामार्गावरचा असतो. बारा टनांवरील वाहनांसाठी केंद्राने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या इंधन-मानकांची कसोटीही ताशी ४० व ६० किलोमीटर अशा स्थिर वेगाची आहे. धरणाच्या पात्रात हा वेग कोणता टिपर गाठणार? चाकणमध्ये ट्रक बनवणाऱ्या महिंद्रने २०१६ मध्ये 'ब्लाझो' आणताना जास्त मायलेज न मिळाल्यास ट्रक परत घेण्याची हमी दिली होती. ती चर्चेत राहिली हे खरे, पण गाळातील खेपेला अशा हमीचा उपयोग मर्यादितच.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ इंजिनांनी यात एक गुंतागुंत वाढवली आहे. युरियाचे द्रावण वापरून धूर स्वच्छ करता येत असल्याने या इंजिनातील ज्वलन अधिक कार्यक्षम ठेवता येते. पण काजळी अडवणारी गाळणी साफ होण्यास भरपूर उष्णता लागते. लांबच्या प्रवासात ती आपोआप मिळते. आखूड खेपा आणि दीर्घ प्रतीक्षा यांत गाळणी लवकर तुंबते आणि ती जाळून साफ करण्यास जादा डिझेल खर्ची पडते. नवे इंजिन घेऊन जुन्याच पद्धतीने राबवले, तर त्याचा फायदा असा निसटतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण पुढेच आहे. भाडे खेपेवर ठरत असेल, तर इंजिनाने वाचवलेला अर्धा लिटर टिपरमालकाच्या खिशात राहतो. वाट खराब म्हणून वाढलेला दर मात्र शेतकरी मोजतो. वाट घट्ट करणे किंवा पोकलेनच्या वेगानुसार टिपरची संख्या ठरवणे, हे एकट्या अल्पभूधारकाच्या हाती नाही. ते काम काढणाऱ्या यंत्रणेने पहिला टिपर पात्रात उतरण्यापूर्वी करायचे असते. ३७,५०० रुपयांच्या मर्यादेत सुमारे १०५ खेपा बसतात. खेपेमागे पावणेदोन लिटर वाचले, तर ती रक्कम साडेसोळा हजार रुपयांच्या घरात जाते.