नियम आणि त्याची तारीख



सूचना लिहिणाऱ्याच्या हातून दोन प्रकारचे दोष घडतात. खोटें लिहिणें हा पहिला. आणि खरें लिहून त्याची तारीख व कारण न लिहिणें हा दुसरा. या दुसऱ्या दोषाकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं, म्हणून त्याचें एक उदाहरण देतों.

संगणक सुरू होतांना लिनक्सचा कर्नल डिस्कवरून स्मृतींत आणण्याचें काम पूर्वीं लिलो नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम करीत असे. कर्नल जागा होईपर्यंत डिस्क वाचण्यास त्याला बायोसचेंच साहाय्य घ्यावें लागे. बायोसच्या जुन्या पद्धतींत सिलिंडरचा क्रमांक लिहावयास १० द्विमान अंकांपुरतीच जागा होती. अर्थात् १०२४ सिलिंडरांपलीकडे त्याची दृष्टि पोंचत नसे. २५५ हेड, ६३ सेक्टर व दर सेक्टरास ५१२ बाइट असा हिशेब केल्यास ही मर्यादा सुमारें ८.४ अब्ज बाइट भरते. म्हणून ‘कर्नल १०२४ सिलिंडरांच्या आंतच ठेवावा’ असा नियम झाला, आणि त्या काळीं तो यथार्थच होता.

पुढें सेक्टर सरळ अनुक्रमांकानें वाचण्याची सोय बायोसमध्यें झाली व २००० सालीं लिलोनेंही ती स्वीकारली. मर्यादा गेली, नियम मात्र पुस्तकांतून तसाच राहिला.

त्यानंतरही कित्येक वर्षें मी तो वर्गांत उतरवून देत होतों. माझ्या शब्दावर विसंबून एका मुलानें आपल्या चालू डिस्कचे विभाग पुन्हां पाडले आणि त्यांत त्याचें साठविलेलें सर्व लेखन नाहींसें झालें. पुढें दुसऱ्या एकानें विचारलें, “सर, माझा कर्नल त्या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे आहे, तरी यंत्र सुरू कसें होतें?” मला उत्तर देतां येईना. नियम मला पाठ होता. त्याचें कारण ठाऊक नव्हतें.

जुन्या वह्या जाळून टाका, असें माझें म्हणणें नाहीं. ज्याच्याजवळ तसें जुनें यंत्र आहे त्यास तो नियम आजही उपयोगीं पडेल. परंतु कोणत्या यंत्रासाठीं, कोणत्या सालीं व कोणत्या कारणास्तव, हें प्रत्येक नियमाशेजारीं लिहिलें पाहिजे. कारण माहीत असलें म्हणजे नियम केव्हां संपला हेंही कळतें. माझ्या टिपणांवर मी आतां तारीख घालतों. एखादे ठिकाणीं ती राहिली, तर तुम्हीं नि:संकोच विचारावी.