काल पहाटे चार वाजता काय करत होतात?

दरवर्षी २० मार्चला, आंतरराष्ट्रीय आनंद दिनी, जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होतो आणि भारताचा क्रमांक किती यावरून वाद सुरू होतो. २०२५च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८वा होता. फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला आला. पाकिस्तान १०९वा, म्हणजे आपल्या पुढे, आणि बहुतेकांचा राग तेवढ्यावरच होता. कुणी अहवालाला पक्षपाती ठरवले, कुणी सरकारला दोष दिला. आठवडा संपायच्या आत सगळे विसरूनही गेले.

ही क्रमवारी ठरते एका प्रश्नावर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६०च्या दशकात तो रूढ केला. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वात वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेले उत्तम आयुष्य, तिला दहा गुण; तळाला शून्य. तुम्ही सध्या कोणत्या पायरीवर उभे आहात? एका देशात वर्षाला साधारण हजार माणसांना हे विचारले जाते आणि तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली जाते. प्रश्न वाईट नाही. मात्र उत्तर चार आले काय किंवा सहा आले काय, त्यावरून पंचायतीने, महापालिकेने किंवा अर्थमंत्र्याने उद्या सकाळी काय करावे हे कळत नाही.

त्या क्रमवारीच्या तीनच आठवडे आधी, २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने दुसरी एक पाहणी जाहीर केली होती. तिचे नाव वेळ-वापर सर्वेक्षण. २०२४च्या जानेवारी ते डिसेंबर या काळात १,३९,४८७ घरांमधल्या, सहा वर्षांवरच्या ४,५४,१९२ लोकांकडून त्यांच्या एका दिवसाचा हिशेब घेतला गेला. भारतीय माणसाचे रोजचे जगणे इतक्या बारकाईने सांगणारा दुसरा दस्तऐवज आज देशात नाही. आनंदाच्या क्रमवारीवर जेवढी शाई खर्च झाली, तिचा अंशही या पाहणीच्या वाट्याला आला नाही, आणि हे मोठे नुकसान आहे.

पाहणीची पद्धत साधी आणि चिवट आहे. अन्वेषक घरी येतो, बसतो आणि काल पहाटे चारपासून सुरुवात करतो. चार ते साडेचार काय केले? साडेचार ते पाच? असे करत आज पहाटे चारपर्यंत यायचे. दिवसाचे अठ्ठेचाळीस तुकडे. त्या अर्ध्या तासात दोन-तीन कामे एकाच वेळी चालली असतील, तर तीही नोंदवायची. ‘तुम्ही काम करता का?’ असे थेट विचारले, तर असंख्य बायका ‘नाही, घरीच असते’ म्हणून मोकळ्या होतात. अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारले की मात्र पाणी भरणे, केर काढणे, डबे करणे, म्हशीचे शेण काढणे, सासूबाईंना औषध देणे, मुलाचा अभ्यास घेणे हे सगळे कागदावर उतरते.

कागदावर उतरलेले आकडे असे. घरच्यांसाठी केलेल्या बिनपगारी घरकामात बाईचे दिवसाला २८९ मिनिटे जातात, पुरुषाचे ८८. पहिली देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली, तेव्हा हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला म्हणून समाधान मानणाऱ्यांनी पुरुषाचा आकडाही पाहावा. तो नऊ मिनिटांनी घटला आहे. दोघांमधले अंतर पाच वर्षांपूर्वी २०२ मिनिटांचे होते, आता २०१ मिनिटांचे आहे. मधल्या काळात महासाथ आली, टाळेबंदी आली, लाखो पुरुष महिनोन्महिने घरात बसून होते. अंतर हलले एका मिनिटाने.

शिवाय या सरासरीत फक्त तेच लोक मोजले आहेत, ज्यांनी त्या दिवशी थोडे तरी घरकाम केले. २०१९मध्ये असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस होते आणि बायका एक्याऐंशी. उरलेल्या चौऱ्याहत्तर पुरुषांनी कपही विसळला नव्हता. माणसांची देखभाल, म्हणजे मुले, आजारी आणि वृद्धांची काळजी, हा हिशेब वेगळा आहे. २०२४मध्ये १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायकांनी ती केली आणि त्यात रोज १४० मिनिटे घालवली, पुरुष २१.४ टक्के आणि मिनिटे ७४. याच वयोगटात एखाद्या दिवशी रोजगाराशी संबंधित काम करणारे पुरुष ७५ टक्के होते, बायका २५ टक्के. भारतीय स्त्रिया नोकरीधंद्यात का दिसत नाहीत यावर परिसंवाद झडतात. उत्तराचा मोठा भाग या मिनिटांमध्ये आहे.

दिवसाचा हिशेब मांडून समाजाची प्रकृती ओळखण्याची ही रीत जुनी आहे, आणि तिचे सर्वात हृद्य उदाहरण ऑस्ट्रियातले आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वस्तीत एका कापड गिरणीवर सगळे गाव जगत होते. १९२९च्या मंदीनंतर गिरणी बंद पडली आणि जवळपास प्रत्येक घरातली मिळकत थांबली. त्या सुमारास पॉल लाझार्सफेल्ड हा तरुण संशोधक कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करायच्या विचारात होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्याला सुनावले की इतक्या बेकारीत फावल्या वेळावर कसले संशोधन करता, बेकारीवर करा. मग मारी याहोडा, लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांचा गट मारिएनथालमध्ये उतरला. १९३३ साली त्यांचे छोटेसे पुस्तक निघाले. समाजशास्त्र शिकणारे लोक ते आजही वाचतात.

त्यांनी केवळ प्रश्नावल्या वाटल्या नाहीत. जेवणात काय होते ते टिपले, मुलांचे निबंध वाचले, वाचनालयाच्या वह्या तपासल्या. गावासाठी कपडे गोळा केले, डॉक्टरांची तपासणी भरवली, शिवणाचा वर्ग चालवला, कारण नुसते बघे म्हणून गावात राहायचे नाही हे त्यांनी ठरवले होते. आणि लोकांकडून दिवसाचा तासवार तक्ता भरून घेतला.

सर्वांचा अंदाज असा होता की माणसांना भरपूर वेळ मिळाला आहे, तर ती वाचतील, सभांना जातील, राजकारणात पडतील. घडले उलटे. वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. बेकार पुरुषांना आदल्या दिवसातल्या तीनच गोष्टी नीट आठवत: उठलो, जेवलो, झोपलो. मधले तास कुठे गेले हे त्यांना सांगता येईना. संशोधक खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांची चाल मोजत. पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका भरभर चालत, कारण त्यांचा स्वयंपाक, धुणे आणि मुले गिरणीबरोबर बंद पडली नव्हती. तरीही गिरणीत काम केलेल्या अनेक बायकांना पुन्हा तिथे जायचे होते, आणि ते केवळ पैशासाठी नव्हते. मारी याहोडा यांनी पुढे आयुष्यभर हा धागा धरला. रोजगार माणसाला पगाराखेरीज दिवसाची घडी देतो, घराबाहेरची माणसे देतो, आपण कशात तरी सामील आहोत ही जाणीव देतो, ही त्यांची मांडणी मारिएनथालच्या तक्त्यांतून उगवली. शिडीवरची पायरी विचारून हे कळले नसते.

अशाच एका, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने लिहायला लावला आणि प्रत्येक प्रसंगी कसे वाटले तेही नोंदवायला सांगितले. माणसांत मिसळण्याचे, गप्पांचे, निवांतपणाचे क्षण वर आले. सर्वात खाली होते कामावर जाणे-येणे. मुलांचे करण्याला मिळालेले गुण टीव्ही पाहण्यापेक्षाही कमी निघाले. मुले आनंद देतात का, असे एकदम विचारले तर त्याच आया निःसंशय हो म्हणतील, आणि ते खोटे नसेल. पण संध्याकाळी सात वाजता, दमून आल्यावर, एकटीने मुलाला भरवण्याचा तास वेगळे सांगतो. झोप नीट झाली का आणि कामावर घाई किती होती, या दोन गोष्टींचा त्या दिवसाच्या मनःस्थितीवर उत्पन्नापेक्षा जास्त परिणाम दिसला.

भारतातही हे काम उशिरा सुरू झाले नव्हते. अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांनी १९७०च्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत लोकांचा दिवस कसा जातो ते नोंदवले आणि सरकारी पाहण्यांमध्ये ज्या स्त्रिया ‘काम न करणाऱ्या’ ठरतात त्या प्रत्यक्षात किती राबतात ते दाखवून दिले. १९९८-९९मध्ये हरयाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत सरकारने प्रायोगिक पाहणी केली. अहमदाबादच्या इंदिरा हिरवे यांचा तिच्यात मोलाचा वाटा होता. घरकाम आणि देखभालीत स्त्रीचे आठवड्याला साडेचौतीस तास जातात आणि पुरुषाचे साधारण साडेतीन, हे तेव्हाच कळले होते. त्यानंतर देशव्यापी पाहणीला वीस वर्षे लागली. जपान १९७६पासून दर पाच वर्षांनी अशी पाहणी करतो, अमेरिका २००३पासून दरवर्षी.

आता आकडे आहेत. ते धोरणात उतरत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घ्या. मुंबईची तहान भागवणारी मोठी धरणे याच परिसरात आहेत, आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. तिथल्या बाईचे हंड्यामागे किती तास जातात हा पाण्याइतकाच वेळेचा प्रश्न आहे. जलजीवन मिशनची प्रगती नळजोडण्यांच्या संख्येत सांगितली जाते. जोडणी मिळाली तरी पाणी कधी येते, किती वेळ येते आणि ते भरायला घरातले कोण थांबून राहते, हे त्या संख्येत दिसत नाही. योजनेचे यश पाणी भरण्यातल्या वाचलेल्या मिनिटांत मोजले, तर कोरड्या नळाची जोडणी यशाच्या रकान्यात बसणार नाही.

ऑगस्ट २०२४पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात जाऊ लागले. स्वतःच्या नावावर आलेल्या पैशाचे मोल मोठे आहे आणि ते कुणी कमी लेखू नये. मात्र त्या पैशाने तिच्या दिवसातला एक तासही मोकळा होत नाही. तास मोकळा होतो तो कामाच्या ठिकाणाजवळच्या पाळणाघराने, अंगणवाडी दुपारनंतरही उघडी राहिल्याने, वृद्धांसाठी दिवसा सांभाळणारे केंद्र असल्याने, वेळेवर आलेल्या एसटीने. हा खर्च केला तर त्यातून बायकांनाच रोजगारही मिळेल. रोख रकमेची घोषणा सोपी असते आणि पाळणाघर चालवणे कष्टाचे असते. म्हणून दुसऱ्या कामाचा आग्रह मतदारांनीच धरायला हवा.

प्रवासाचेही तेच. विरार, कर्जत, कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाच्या जागेपणाचे कित्येक तास लोकलमध्ये आणि फलाटावर जातात. घरे स्वस्त मिळावीत म्हणून शहर जितके लांब पसरवाल, तितके झोपेतून, मुलांजवळच्या वेळेतून आणि मित्रांच्या गप्पांतून कापले जाते. गृहनिर्माण धोरणात चौरस फुटाचा दर असतो, प्रवासाची मिनिटे नसतात. ती असायला हवीत.

पाहणीत त्रुटी आहेत. ती माणसाकडून एकाच दिवसाचा हिशेब घेते आणि त्या दिवशी कसे वाटले हे विचारत नाही. उद्या भाजी कोणती, मुलाची फी कधी भरायची, पाहुण्यांचे काय, ही डोक्यात सतत चालणारी जुळवाजुळव अर्ध्या तासाच्या चौकटीत सापडत नाही. अमेरिकेने काही वर्षी आपल्या पाहणीला मनःस्थितीच्या प्रश्नांची जोड दिली होती. भारताला ते जमण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने पुढच्या फेरीत स्वतःचा मोठा नमुना घ्यावा, म्हणजे नंदुरबार आणि पुणे एकाच सरासरीत विरघळणार नाहीत. आणि राज्याच्या अर्थसंकल्पात प्रत्येक मोठ्या योजनेपुढे एक रकाना असावा: ही योजना कुणाची किती मिनिटे वाचवते आणि कुणाची किती खाते.

एक काम मात्र सरकारवर सोपवता येणार नाही. पुढच्या फेरीत अन्वेषक दारात आला, तर घरातल्या कर्त्याने सगळ्यांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. घाईत ‘ती काय, घरीच असते’ असे सांगून त्याला वाटेला लावू नये. त्याला बसायला सांगा, पाणी द्या आणि घरातल्या प्रत्येकाला आपला कालचा दिवस स्वतःच्या तोंडाने, पहाटे चारपासून सांगू द्या.